इराण्णाची चावडी

इराण्णा मगदूमसमोर ‘नेट बंद पडलंय’ असं म्हणायची सोय नाही. कुणी म्हटलंच, तर तो हातातली पक्कड खाली ठेवतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि जबाब नोंदवून घेतल्यासारखा विचारतो, “कोण कुणाला भेटंना, तेवढं सांगा.”

माझी नि त्याची ओळखच या प्रश्नावर झाली. पन्हाळ्याच्या वाटेवर आमच्या सहकारी दूध संघाचा प्लँट आहे. मी आधी शहरातल्या विक्री कार्यालयात होते. बदली होऊन प्लँटवर खरेदी विभागात आले आणि पहिल्याच सकाळी माझा कॉम्प्युटर रुसला. शेजारच्या खोलीत जाऊन, प्लँटच्या वायरी नि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या इराण्णाला मी सांगितलं की काहीच चालत नाही. काहीच म्हणजे काय, असं त्याने विचारलं. प्रिंटर भेटतो का? भेटत होता. गोडाऊन भेटतं का? ते भेटत नव्हतं.

“मग तसं सांगा की अक्का. माझी नि गोडाऊनची भेट होईना, असं म्हणा. नेटला कशाला बदनाम करताय?”

तेव्हापासून मी त्याची अक्का झाले. त्याचं घराणं गडहिंग्लजच्या पलीकडचं, सीमेलगतचं. घरात निम्मं कानडी. वयाने थोडी जरी मोठी बाई दिसली तरी ती त्याची अक्का. मी मंगळवार पेठेतली. आमच्याकडे अशी नाती जुळायला निदान एखादा चहा तरी लागतो.

इराण्णा उंच, काटकुळा, चाळिशी ओलांडलेला. इतरांच्या खिशाला पेन असतं, याच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर. प्लँटमधल्या सगळ्या वायरी ज्या थंडगार खोलीत येऊन मिळतात, त्या खोलीला कागदोपत्री ‘सर्व्हर रूम’ म्हणतात. इराण्णा तिला चावडी म्हणतो. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी चावडीवर येतोच, तसं प्लँटमधलं प्रत्येक यंत्र इथे येतं, हे त्याचं म्हणणं. चावडीत चपला घालून जायचं नाही. एकदा संघाचे उपाध्यक्ष पाहणीला आले, तर त्यांनाही त्याने बूट काढायला लावले. त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. पाहणी फार लवकर आटोपली.

कुठलीही वायर उपसण्याआधी तो यंत्राला “येतो हं” म्हणतो. सगळ्या वायरी ज्या डब्यात खोचलेल्या असायच्या, तो मुख्य स्विच फार जुना होता. तापायचा, घुमायचा आणि त्याचा पंखा धाप लागल्यासारखा वाजायचा. त्याचं नाव पैलवान. पैलवानाला उन्हाळ्यात बाहेरून पंखा, खिडकीला जाड पडदा. प्लँटच्या डॉक्टरांनी एकदा थट्टेने विचारलं की थंडाईपण देतोस का. इराण्णाने गंभीरपणे सांगितलं की ओल चालत नाही.

माणूस विक्षिप्त होता, पण कामाला चोख होता. त्याच्या विक्षिप्तपणाची खरी परीक्षा झाली ती कॉलनीतल्या पोवारांमुळे.

प्लँटच्या मागे, टेकडीच्या पोटात, कामगारांची कॉलनी आहे. जागा अशी खोलगट की तिथे मोबाईलला रेंज मिळत नाही. कुणाला बोलायचं असेल तर पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जावं लागतं. लग्नं ठरणं, नवऱ्यांवर रागावणं, गावाकडच्या जमिनीची भांडणं, सगळं टाकीपाशी उभ्याने चालतं. म्हणून संघाने फार पूर्वी प्रत्येक क्वार्टरमध्ये इंटरकॉमचा फोन बसवला. त्यावरून दवाखाना लागतो, गेट लागतं, ऑफिस लागतं. पुराच्या दिवसांत सगळे टॉवर मुके झाले, तेव्हा बाळंतपणाच्या एका बाईसाठी गाडी बोलावली गेली ती याच फोनवरून. पण या फोनांच्या वायरीही चावडीत पैलवानाकडेच यायच्या. म्हणजे कॉलनी, ऑफिस आणि दूध पिशव्यांत भरणारी यंत्रं, सगळी एकाच गोतावळ्यात.

पोवार टापटिपीचे गृहस्थ. त्यांच्या भिंतीतल्या खोबणीतून एक वायर लोंबत होती, ती त्यांच्या डोळ्यांना खुपायची. एका सकाळी त्यांनी तिचं मोकळं टोक शेजारच्या रिकाम्या खोबणीत खोचलं. दिसायला छान दिसलं. पण त्याने वायरीचा फेर पूर्ण झाला. एका बाजूने गेलेली हाक दुसऱ्या बाजूने परत येऊ लागली, पुन्हा जाऊ लागली, पुन्हा येऊ लागली, आणि त्या कोलाहलात प्लँटमधल्या यंत्रांना एकमेकांचं ऐकू येईना. पॅकिंग थांबलं. दुधाचे टँकर आवारात उभे राहिले. इराण्णा अनवाणीच एकेक वायर काढत सुटला आणि शेवटी पोवारांच्या घरी पोचला. पोवारांनी त्याला कौतुकाने ती भिंत दाखवली.

त्या दुपारी व्यवस्थापक देसाईसाहेबांनी बैठक घेतली. साहेब नवे होते, शांत होते, आणि बोलत होते ते चुकीचं नव्हतं. कॉलनीतल्या एका वायरीने प्लँट थांबत असेल तर कॉलनी या जाळ्यात नको, असं ते म्हणाले. इंटरकॉम काढून टाकू, सगळ्यांकडे मोबाईल आहेतच.

इराण्णा उठला. एरवी बैठकीत तो पेंगतो.

“येगळं करू, साहेब. त्येला माझी ना न्हाय. पण तोडायचं न्हाय.”

साहेबांनी विचारलं की वेगळं करणं आणि तोडणं यात फरक काय. तेव्हा इराण्णाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि माझ्या पेठेचा दाखला दिला. गल्लीत कुणाला बोलवायचं असेल तर अक्का गच्चीवर उभ्या राहून हाक मारतात. सगळ्या गल्लीला ऐकू जातं आणि ज्याला मारली तो ओ देतो. याला ब्रिजिंग म्हणतात. पण दुसऱ्या पेठेतल्या माणसाला हाक मारून भागत नाही. त्यासाठी चौकात जावं लागतं, रस्ता विचारावा लागतो, मग पुढे. ते राउटिंग. आत्ता आपली सगळ्यांची एकच गल्ली आहे, म्हणून पोवारांचा आरडाओरडा पॅकिंगला ऐकू गेला. आता पॅकिंगची पेठ निराळी करू, ऑफिसची निराळी, फोनांची निराळी. फोन जुने आहेत, ते एकमेकांना हाक मारूनच शोधतात, म्हणून कॉलनीतले, गेटवरचे आणि दवाखान्यातले फोन कुठेही असले तरी एकाच गल्लीत ठेवायचे. आणि त्या गल्लीला चौकात उघडणारं एक दार काढून द्यायचं, म्हणजे ऑफिसलाही फोन लागेल. हाकही चालू, रस्ताही चालू, आणि पॅकिंगच्या कानाला त्रास नाही.

बैठकीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी रोज गच्चीवरून ओरडते.

साहेबांनी विचार केला. पैलवानाला हे जमेल का, हा त्यांचा प्रश्न होता. नाही जमणार, असं इराण्णानेच कबूल केलं. नवा स्विच लागेल, आणि दोन्ही कामं एकाच डब्यात करणारा लागेल. साहेबांनी स्विच मंजूर केला, पण अट घातली. रविवारी दुपारी यंत्रं धुण्यासाठी प्लँट थांबतो, तेवढ्या वेळात बदल करायचा. संध्याकाळचं दूध यायच्या आत सगळं सुरळीत पाहिजे. नसेल तर कॉलनीची वायर निघेल.

खरेदी माझ्याकडे. शाहूपुरीतल्या दुकानदाराने मला दोन वेगवेगळे डबे घ्यायचा सल्ला दिला. एक हाकेसाठी, एक रस्त्यासाठी. मी तो सल्ला इराण्णाला सांगितला. तो जेवता जेवता थांबला. दोन डबे म्हणजे दोन पंखे, दोन दुखणी आणि एक बिघडला की दुसरा त्याच्यावर ढकलणार, असं म्हणून त्याने पुन्हा भाकरी मोडली. शेवटी पुण्याच्या एका पुरवठादाराकडून हवा तसा स्विच आला. त्यांची रेवती नावाची इंजिनिअर फोनवर मदतीला राहणार होती. इराण्णाने नव्या स्विचला हळदकुंकू लावलं. नाव मात्र ठेवलं नाही. कामावरून नाव ठेवायचं असतं, असं त्याचं मत.

पहिल्या रविवारी त्याने स्वतःलाच चावडीबाहेर काढलं. म्हणजे असं, की पेठा वेगळ्या करताना ज्या वाटेने तो स्विचशी बोलत होता, तीच वाट त्याने बंद केली. आत राहिलं ते आत आणि हा बाहेर. ऑफिसला प्लँट भेटेना, प्लँटला गेट भेटेना, कॉलनीला कुणीच भेटेना. गेटवर दुधाची गाडी आली तर वजनकाट्याचा आकडा ऑफिसात पोचेना. मी, साहेब आणि दोन शिपाई आवारात चिठ्ठ्या घेऊन पळत होतो. इराण्णाने पैलवानाला परत जोडलं, “माफ कर” म्हणाला आणि त्याच्यासमोर बसून राहिला.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढचा रविवार शेवटचा, एवढंच ते म्हणाले.

त्या आठवड्यात आमच्या कँटीनला चावडीची कळा आली. कोपऱ्यातल्या टेबलावर इराण्णाने नवा स्विच मांडला, भोवती गोडाऊनमधले जुने फोन ठेवले आणि वायरी पसरल्या. एका फोनावर ‘दवाखाना’, दुसऱ्यावर ‘गेट’, तिसऱ्यावर ‘ऑफिस’ अशा चिकटपट्ट्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही भाजी-भाकरी खात असायचो आणि मधेच आमटीच्या भांड्याशेजारी दवाखाना वाजायचा. कँटीन चालवणाऱ्या शांताक्का पदराला हात पुसून तो उचलायच्या आणि डॉक्टर बाहेर गेलेत म्हणून सांगायच्या. इराण्णा पलीकडच्या खुर्चीवरून त्यांना धन्यवाद द्यायचा. जोडायचा, मोडायचा, परत जोडायचा. मी एकदा म्हटलं की बाबा रे, इतकं कशाला जिवाला लावून घेतोस, लोक टाकीपर्यंत चालतील.

“सगळी न्हाईत चालू शकत, अक्का,” तो म्हणाला आणि ‘गेट’चा फोन उलटा करून त्याचा स्क्रू काढायला लागला.

दुसऱ्या रविवारी साहेब स्वतः आले आणि दाराबाहेर बूट काढून चावडीत उभे राहिले. यंत्रं धुतली जात होती, आवारभर गरम पाण्याची वाफ आणि सोड्याचा वास. या खेपेला इराण्णाने आधी स्वतःची वाट राखून ठेवली. मग पॅकिंगची पेठ वेगळी केली. ती शांतपणे वेगळी झाली. ऑफिसची केली. माझा कॉम्प्युटर जरा अडखळला आणि गोडाऊनला भेटला. मग फोनांची गल्ली. गेटने दवाखान्याला हाक मारली, दवाखान्याने ओ दिली. कॉलनीतून पोवारांचा फोन गेटला लागला. पोवारांनी गेटवाल्याला पुन्हा पुन्हा सांगितलं की मी या वेळी कशालाही हात लावलेला नाही.

राहिला होता ऑफिसातून फोनांच्या गल्लीत जायचा रस्ता. इराण्णाने साहेबांच्या टेबलावरचा फोन चावडीत आणून जोडला आणि दवाखाना फिरवला. काही नाही. परत फिरवला. शांतता. स्विचसाठी लिहिलेल्या सगळ्या सूचना त्याने वाचून काढल्या. दार होतं, दाराला पत्ता होता, रस्ता होता. तरी ऑफिसची नि गल्लीची भेट होत नव्हती. घड्याळ पुढे सरकत होतं. साहेबांनी एकदा कॉलनीच्या पिवळ्या वायरींच्या जुडग्याकडे पाहिलं, ते मी पाहिलं आणि इराण्णानेही पाहिलं.

त्याने पुण्याला रेवतीला फोन लावला. तिने त्याला सगळं सावकाश वाचून दाखवायला सांगितलं. त्याने वाचलं. मग ती म्हणाली, “सर, तुम्ही दार केलंय बरोबर. पण ते दार या गल्लीचं आहे, असं स्विचला कुठे सांगितलंय?”

गेला आठवडाभर त्याने तिलाही पेठा आणि गल्ल्या शिकवल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

इराण्णा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिला. दार तयार होतं, चौकटीसकट अधांतरी उभं होतं. ते कुठल्याच भिंतीत बसवलं नव्हतं. कँटीनच्या टेबलावर त्याने ते बसवलं होतं, इथे घाईत राहिलं. त्याने एक ओळ लिहिली आणि दवाखान्याचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजली. नर्सबाईंनी उचलून कोण बोलतंय विचारलं, तर इराण्णाने फोन माझ्या हातात दिला. मी सांगितलं की सगळं ठीक आहे, बाई, ठेवा. रेवतीला त्याने फोनवर “शाब्बास ग पोरी” म्हटलं. मग एकदम वरमून “म्हंजे, आभारी हाय, म्याडम” म्हटलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. दूध यायला अवकाश होता. त्यांनी सहज विचारलं की कॉलनीतल्या एखाद्या घरात ऑफिसातून फोन लावून बघू या का. कुठलंही घर चालेल.

इराण्णा जरा घुटमळला. मग म्हणाला की माझ्याच क्वार्टरला लावतो. त्याने नंबर फिरवला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. बऱ्याच घंटा झाल्या. मग पलीकडून एक म्हातारा, पण खणखणीत, नीट बेतलेला आवाज आला.

“नमस्कार. कुठला विभाग जोडू?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इराण्णा आमच्याकडे न बघता म्हणाला, “पॅकिंग द्या.”

“थांबा. जोडतो.”

फोनमध्ये थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग तोच आवाज म्हणाला, “लागलं. बोला.”

इराण्णाने आवाज बदलला, घसा जाड केला. “पॅकिंगमधनं बोलतोय. सगळं चालू हाय.”

“बरं,” पलीकडचा आवाज समाधानाने म्हणाला, आणि फोन ठेवल्याचा आवाज झाला.

मग इराण्णानेच, वायरी गुंडाळता गुंडाळता, सांगितलं. त्याचे आप्पा या प्लँटचे टेलिफोन ऑपरेटर होते. सबंध नोकरी त्यांनी त्या जुन्या एक्स्चेंजसमोर बसून काढली. कोण कुठे सापडेल हे त्यांना तोंडपाठ असायचं. इराण्णाची अव्वा, म्हणजे आई, गेली आणि त्यांना एकेक गोष्ट विसरायला लागली. तो पुण्यातली नोकरी सोडून परत आला, तोवर ते त्याचा चेहरा विसरत चालले होते. शेजारच्या काकू दिवसभर बघतात. मोबाईल हातात दिला तर ते उलटसुलट करून ताटाखाली ठेवतात. जेवतील की नाही, झोपतील की नाही, सांगता येत नाही. पण तो इंटरकॉम वाजला की उठतात, शर्टाची बटणं लावतात आणि उचलतात.

“दुपारचं मी करतो एक-दोन,” इराण्णा म्हणाला. “कधी पॅकिंग, कधी गोडाऊन. काम केलं की मग जेवत्यात.”

देसाईसाहेबांनी दाराबाहेर जाऊन वाकून बुटाच्या नाड्या बांधल्या. त्यांना त्या बांधायला बराच वेळ लागला. जाताना ते एवढंच म्हणाले की तो फोन राहू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी इराण्णा गेटवर काहीतरी दुरुस्त करायला गेला होता. त्याला यायला उशीर होणार, हे मला दिसत होतं. मी माझ्या टेबलावरून त्याच्या क्वार्टरचा नंबर फिरवला. मला काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

“नमस्कार. कुठला विभाग जोडू?”

मी म्हटलं की खरेदी विभागातून बोलते, मला इराण्णा मगदूम हवे आहेत. कुठे असतील?

नोकरीतला आवाज खाली उतरला आणि घरातला आला.

“इराण्णा व्हय? त्यो शाळंत गेलाय. यायची येळ झाली आता. काय निरोप हाय का?”

काही नाही, असं मी म्हटलं. तुम्ही जेवलात का, विचारलं. पोरगा आला की बसतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

थोड्या वेळाने इराण्णा घाम पुसत आला आणि सवयीने फोनकडे वळला. मी त्याला सांगितलं की मी केला होता.

“काय म्हणले आप्पा?”

“तुझी वाट बघतायत. शाळा सुटायची वेळ झाली म्हणाले. तू आलास की जेवायला बसणार आहेत.”

त्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला, हात धुतले, ओल्या हातांनी केस बसवले. साहेबांना सांगायला हवं का, असं मी विचारणार होते, पण तो दारापर्यंत पोचला होता.

“जातो, अक्का,” तो म्हणाला. “उशीर झाला की रागावत्यात.”